घर, चित्रं आणि सखूआत्या

मी, कुंदा हरिचंद्र गायकर, वय अठ्ठावन्न, अविवाहित, धंदा चित्रकार, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे जे काही आहे ते स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित मातीचा कणही त्याला लागलेला नाही.

१. मिळकत कशी झाली ते आधी लिहिते. उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये एका सिंधी शेठकडे मी पापडाच्या पाकिटांवरची चित्रे काढायचे. "बेटी, शेर ऐसा बना कि ग्राहक डरे नहीं," असे ते सांगत. पुढे पाठ्यपुस्तकांची, मुलांच्या गोष्टींची कामे आली. त्यातून घर झाले. पन्नाशीच्या तोंडावर मी स्वतःची चित्रकादंबरी काढली, आणि तिने घरची माणसे घालवली.

२. ती कादंबरी म्हणजे 'सखूचा बांध'. आई गेल्यावर मला सखूआत्याने, वडिलांच्या विधवा बहिणीने, बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या घरी वाढवले. तिथल्याच मांजर्लीच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. रेशनकार्डाचे काम आहे असे सांगून माझ्या वडिलांनी तिचा अंगठा घेतला आणि हिस्सा काढून घेतला. हे मला तिनेच सांगितले, तांदूळ निवडता निवडता, कितीतरी वेळा. पुस्तकासाठी ती तीन वर्षे माझ्यासमोर बसली. विळा कसा धरायचा ते दाखवले, काष्टा चुकला की रागावली. "नाक येवढं मोठं नाय माझं," म्हणाली. छपाईआधी मी तिला एकेक पान वाचून दाखवले. "जाव दे छापाला," म्हणाली.

पुस्तकाला पुरस्कार मिळाला आणि माझा भाऊ शशिकांत जागा झाला. त्या जमिनीवर तोवर त्याची इमारत उभी राहिली होती. वडिलांची बदनामी झाली म्हणून त्याने प्रकाशकाला नोटीस धाडली आणि समाजाच्या सभागृहात बैठक बोलावली. मी निर्धास्त गेले. आत्या होती ना. ती उभी राहिली, माझ्याकडे न बघता बोलली, "मी असं काय बोलले नाय. पोरीनी मनानी काढलंय."

लोक हसले. प्रकाशकाने दुकानांतली पुस्तके परत मागवली, पाठ्यपुस्तकांची कामेही थांबली. पंधरवड्याच्या आत आत्या शशिकांतच्या इमारतीत तळमजल्याच्या खोलीत राहायला गेली. शशिकांत काय आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होते, त्याचे दुःख नाही. आत्याचे आहे. पुढे कितीतरी वर्षे मी तिच्याशी बोलले नाही.

३. शशिकांत यास मी काहीही देत नाही. त्याचे नाव नजरचुकीने राहिलेले नाही. त्याने मला खांदाही देऊ नये.

४. अंबरनाथचे घर माझ्यामागे सखूआत्या हिने तहहयात वापरावे, व तिच्यानंतर ते माझी भाची रिद्धी शशिकांत गायकर हिचे व्हावे. आत्याचा अंगठा वा संमती दाखवून कोणी तिचा हा हक्क सोडवून घेतला, तर तो कागद रद्दबातल समजावा.

वाचणाऱ्याला नवल वाटेल म्हणून कारण लिहिते. गेल्या पावसाळ्यात मांजर्लीत पाणी शिरले. खोली दुरुस्त झाल्यावर शशिकांतने तिथे दुकान काढले आणि आत्याला दुसरीकडे बघायला सांगितले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली. "मना ठेव," एवढेच म्हणाली. मी आत घेतले. ही माफी नव्हे. तिच्या नावाचा एक खरा कागद जगात असावा, एवढेच.

५. 'सखूचा बांध'चे सर्व हक्क, मूळ चित्रे, टेबल, टाक, कुंचले आणि माझी बचत रिद्धीस द्यावी. सभागृहातून बापासमोर उठून माझ्याबरोबर बाहेर पडली ती एकटी रिद्धी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुस्तक पुन्हा निघेल तेव्हा त्यातली एक रेघही कोणाच्या भीतीने बदलू नये.

६. पुस्तकाच्या शेवटी सभागृहाची नवी पाने जोडावीत. ती मी काढून ठेवली आहेत. त्यांत आत्या पाठमोरी आहे. तोंड काढायला बसले की हात थांबायचा.

परवा ती पाने टेबलावर होती. आत्या जवळ आली, वाकून बघू लागली.

"ही मी ना?"

"हो."

"तवा मना रूम पायजे व्हती," ती म्हणाली. "त्यानी सांगितलं, असं बोल, रूम देतो."

"मला का नाही सांगितलंस? माझं घर होतं की."

ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पाठ कशाला काढलीस? मी बोलले ना, मंग तोंड काढ माझं."

काल ती माझ्यासमोर बसली. डोळे, कपाळ, हनुवटी झाली. ओठ राहिले आहेत. शस्त्रक्रियेतून उठले तर मी काढीन. न उठले तर ती जागा कोरी छापावी. दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ नये.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : अंबरनाथ
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) कुंदा हरिचंद्र गायकर

साक्षीदार :
(सही) वैष्णवी कोंडाजी शेलार, शेजारी
(सही) विष्णुपंत दामले, निवृत्त चित्रकला शिक्षक, बदलापूर