अंबाडीचा दोर

टिटवाळा,
११ मार्च २०२५

चि. मितेश,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पपईला फळं धरली आहेत. समोरच्या नव्या बिल्डिंगीतल्या बाया आपल्या परसातला कढीपत्ता विचारून नेतात, म्हणजे नेल्यावर विचारतात. बोलणं तुझ्या आजीचं, अक्षर तुझ्या बहिणीचं. करिश्मा आज फार सुंदर लिहिते आहे म्हणे. तुझ्यावर रागावलेली आहे ना.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय फोनवर मी थट्टा करून निसटते.

तुझा बाप, काळुराम, काठी धरून मोरीपर्यंत जातो. मोडलेला खुबा अजून ठणकतो. करिश्माचं पुढे गेलेलं लग्न आता मे महिन्यात धरलंय. तिकडे वर्तकनगरात तुला खोली भाड्याने मिळते रे, पण नवरदेवाचा कान पिळायला भाऊ भाड्याने मिळत नाही.

बरं. दोराचं सांगते.

अंबाडीच्या काड्या पंधरा दिवस पाण्यात ठेवायच्या, साल सैल झाली की काढायच्या. यंदा मी आंबिवलीला माझ्या बहिणीच्या, बायजाच्या आजारपणात महिनाभर अडकले. परत आले तर काड्या कुजून काळ्या पडलेल्या. सालीचा वाख, म्हणजे दोराचा धागाच, बोटांत तुटत होता. फेकायला हवा होता. पण हळदीचा मांडव आपल्या परसातल्या दोरानेच बांधणार, असं व्याह्यांना छाती फुगवून सांगून बसले होते. म्हणून तोच वाख वळला. तू नायलॉनची दोरी आणलीस, तर चारचौघांत तुला म्हटलं, मांडव बांधतोस की टेम्पोतला माल? तू हसलास आणि माझा दोर घेतलास.

करिश्माने लिहिणं थांबवलंय. लिही बाई, अजून आहे.

काळुरामने तोरण बांधायला आडव्या बांबूला शिडी टेकवली आणि बांबूसकट खाली आला. सगळे त्याच्याकडे धावले. मी दोर उचलला. तू मारलेली गाठ जशीच्या तशी होती, दोर तिच्यापासून वीतभर लांब तुटला होता. तो मी पाणी तापवायच्या चुलीत घातला. बाहेर येऊन पहिलं कोण बोललं? मीच. "पोराची गाठ सुटली."

माझा दोर तुटेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. करिश्मा तुला नको ते बोलली, बापाने बोलणं टाकलं.

आणि मितेश, तू दारात उभा होतास. दोर जळताना पाहिलास. तरी बोलला नाहीस. आठ दिवसांनी बॅग भरलीस, तेव्हाही मी तुला डब्यात चटणी भरून दिली, बाकी काही नाही.

इथवर झाल्यावर करिश्माला म्हटलं, आधी बापाला वाचून दाखव. स्वतःचं नाव आलं ती ओळ तिने दोनदा वाचली. काळुरामने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आये, दोर वळताना चूक होते. पण चार महिने माझ्या उशाशी बसलीस, आणि मी माझ्या पोराला..." संध्याकाळचा चहा त्याने माझ्या हातून घेतला नाही.

तुझ्याशी धरलेला अबोला आता माझ्याशी धरलाय. माझाच होता तो.

तू ये. हवं तर माझ्याकडे बघू नकोस, सरळ बापाच्या खोलीत जा. तो दाराकडे तोंड करून झोपलाय आज.

करिश्मा विचारते, खाली काय लिहू. सगुणा लिही, म्हटलं. आजी म्हणायचं का, ते तुझं तू ठरव.

सगुणा