जबड्यात काही साठत नसतं

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच उरकते, कारण एकदा माझ्या शरीराचा विषय निघाला की तुझ्या शरीराला वाव मिळणार नाही. तेल लावतेस ना, की बाटली नुसतीच उशाशी?

तू पाठवलंस म्हणून मी त्या थेरपीला जाऊन आले. आता "जाऊन तर ये, खात नाहीत तुला" बंद कर. (खात नाहीत, हे खरं. नुसते बघत बसतात.) झोपेत दात खाऊन खाऊन मी एक दाढ फोडली, दुसरीही फुटायच्या बेतात आहे, एवढंच दातांचे डॉक्टर म्हणाले होते. उरलेलं निदान तुझं: बाबा गेल्यापासून पोरगी घर सांभाळतेय, एकदाही रडलेली नाही, सगळं जबड्यात साठलंय. जबड्यात तेवढी जागा नसते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. असो.

मला वाटलं, आडवं पडून बालपण सांगायचं असेल. मी मुद्दे काढून गेले होते. तिथे दोन खुर्च्या आणि एक निवांत बाई. बालपणाचं नावही काढलं नाही. डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "आत्ता काय जाणवतंय?" मी म्हटलं, "खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड आहे." "आणि तुमच्यात?" "माझे दोन्ही सारखे आहेत." बाई हसल्या नाहीत. खांदे कानांना का चिकटलेत, म्हणाल्या. मी म्हटलं, ते तिथेच असतात. मला वाटलं, आता सैल सोडा म्हणतील (हे सगळेच म्हणतात, आणि त्याने कुणाचंही काही सैल झालेलं मी पाहिलेलं नाही). तर त्या म्हणाल्या, "सोडू नका. चालत असेल तर थोडा वेळ मी धरते." आणि मागे उभं राहून त्यांनी माझे खांदे खालून उचलून धरले. वाण्याकडच्या पिशव्या धरतात तसे.

आणि छातीत थरथर सुरू झाली.

माझं काम तुला माहीतच आहे: कारखान्यातलं यंत्र जास्त थरथरायला लागलं की काय ढिलं झालंय ते शोधायचं. त्यामुळे मला तत्काळ कळलं. बारीक, सलग थरथर, उगम पाठीमागच्या भिंतीपलीकडे. एसीचं बाहेरचं युनिट. "एक मिनिट" म्हणून मी उठले, पर्समधला पाना काढला (तुझ्या पर्समध्ये बाम असतो, माझ्या पाना) आणि गॅलरीत जाऊन चारही बोल्ट आवळले. एक खरोखर ढिला होता, हे नमूद करते. परत येऊन बसले. थरथर तशीच.

"एसी बंद आहे हो," बाई म्हणाल्या. "थंडी पडल्यापासून लावलाच नाही." मग, "पुन्हा धरू का?"

पुढचं सांगण्यासारखं नाही. टिश्यूचा दर्जा चांगला होता.

शास्त्र म्हणून मला हे अजिबात पटलेलं नाही. पण एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं योग्य नव्हे, म्हणून मंगळवारी पुन्हा जाणार आहे.

तुझी ठणठणीत
भाची

ता. क. आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. तिच्यासमोर मी व्यवस्थित आहे आणि तसंच राहायला हवं. घरात एक तरी माणूस उभं पाहिजे.

आणखी एक ता. क. हे वाचून लगेच बॅग भरू नकोस. मला कुणाची गरज नाही.

शेवटचा ता. क. शनिवारी ये. दोन दिवस आईजवळ तू बस, फोन तू उचल, भेटायला येणाऱ्यांना "काळजी करू नका, मी आहे ना" हे तू सांग. मला तेवढ्यात आतल्या खोलीत तुझ्या भावासाठी नीट रडायचंय. बाईंकडे वेळ पुरला नाही.