दोडक्याच्या मांडवाची तार

तीर्थरूप बाबा,

मुकेश इकूनच तुमच्या आनि आईच्या पाया पडते.

हिमाचलात माह्यं बरं चालू हाय. दोन्ही टाइम पोटभर जेवतो. थंडी हाय, पन कानटोपी घालतो.

आपली धाकली सुचिता रिसोडच्या बाजारात गेली, तवा तिथून तिचा फोन आला. म्हने, बांधावर खांब गाडताना बाबाले काळी तार सापडली. आत तांबं नाई म्हनून बेवारशी समजून कापली, अन् दोडक्याच्या मांडवाले बांधली. तवापासून गावातले सारे फोन बंद, अन् बाबा टावरवाल्याले शिव्या देऊन राह्यले.

बाबा, त्या तारेत तांबं नसतेच. केसावानी बारीक काच असते. टावरपासून पुढं आपलं बोलनं उजेडाची उघडझाप होऊन त्या काचेतून धावते. तार वाकली तरी उजेड काचेच्या कडेले धडकून आतच परतते, बाहेर सांडत नाई. कापली का मात्र तिथंच संपते. मी इथं तेच जोडाचं काम करतो.

कापलेल्या टोकाले डोळा लावू नका. तो उजेड दिसत नाई, पन डोळ्याले बाधते.

सोयाबीन निघालं का? दोडके कसे लागले?

आईच्या दम्याचं इचारलं का सुचिता दुसरंच काही सांगते. मले आईचाच आवाज आयकाचा हाय, अन् तो तुमच्या मांडवाखाली तुटून पडला हाय. टावरवाला आला का लपवू नका. त्याले जागा दाखवा.

तुमचा,
मुकेश