दर सोमवारी तळ्याची खबर

१ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

कचेरीतली पाणपक्ष्यांची नोंदवही गेल्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर आली आहे. घरातल्या पहिल्या पदवीला, तुझ्या मास्तरीणबाईला, अखेर काम लागलं म्हण! आपल्या तळ्यावर रानबदकं कधी उतरतात, हे दर सोमवारी कळवणारं कुणीतरी हवं होतं. मी तुझं नाव दिलं. साहेबांनी विचारलं, हे त्याच तळ्याच्या बांधावर गवंडी आहेत ना? पहिला थवा उतरला की त्याच दिवशी बांधाचं काम थांबवायचा नियम आहे. मग ते खरं कळवतील का? मी म्हटलं, माझा दादा खोटं लिहीत नाही. इतक्या मोठ्याने म्हटलं, की शेजारच्या बाईंच्या हातून पेन पडलं.

तेव्हापासून चैन नाही. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन आभाळ बघते. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
धाकटी

१४ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंस, अ. उ. आ.

मागच्या सोमवारसारखीच याही सोमवारी बदकं नाहीत. गच्चीवर मान अवघडून घेऊ नकोस. बांध अकरा हात उकरलाय, त्यातला सहा हात अजून उघडा आहे. तसाच राहिला तर मोठं पाणी खालच्या गल्लीत शिरेल, आणि तिथलं पहिलं दार आपलं. सिमेंटचा मिक्सर दिवसभर घरघरतो, त्यामुळे तुझी वहिनी काय बोलते ते ऐकू येत नाही. तेवढंच सुख!

मागच्या बाजूला तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. माया आहेच, पत्रातून दिसली नाही तरी.

दादा

ताई, छोटी पहाटेच उठून बसते. तुमच्या पाहुण्यांचा तळ्यावर केवढा कलकलाट! आठवडा झाला, दोरीवरचे कपडे रोज दोनदा धुते आहे. छोटीने मात्र डबाभर पिसं जमवली. – वहिनी

१८ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहिनीच्या ओळी मी उभ्यानेच वाचल्या. सकाळपासून टेबल ते खिडकी अशा येरझाऱ्या चालल्या आहेत. ‘बदकं नाहीत’ असं मी वहीत दोनदा लिहिलंय, खाली माझी सही आहे. पत्राची मागची बाजू कुणी बघणार नाही, हेही मनात येऊन गेलं. पण तू शाळा सोडलीस म्हणून मला वाचता आलं. आता वाचलेलं न वाचल्यासारखं कसं करू?

बांध उघडा आहे हे मला कळतं. साहेबांना दोन्ही सांगणार आहे: बदकं आली आहेत, आणि उरलेले सहा हात मिक्सर बंद ठेवून, हाताने बांधू द्या. हे पत्र तुला मिळेल तोवर सांगून झालेलं असेल.

लोभ कमी झाला तरी सगळा काढून घेऊ नकोस.

धाकटी

२६ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंस, अ. उ. आ.

बुधवारी काम थांबलं. साहेब स्वतः आले, बूट चिखलात रुतवून तासभर उभे राहिले. मिक्सर उचलून नेला. चार माणसांनी, आवाज न करता बांधायची परवानगी दिलीय. पुरं होईल असं वाटतं, पण नक्की सांगत नाही. दोन दिवस मी तुझ्यावर आणि तुझ्या वहिनीवर रागावून होतो. ती म्हणते, हात चुकून चालला. तिचा हात कधीच चुकत नाही.

नोंदवही तुझ्याकडून काढून घेतली, हे साहेबांकडूनच कळलं. त्यांनी मला विचारलं, किती असतील बदकं? मी म्हणालो, आज एकशे अडतीस, पहिल्या दिवशी दोनशे बारा होती.

तुला खोटं कळवत होतो, पण मोजत रोज होतो. कामावर जायच्या आधी, बांधावर उभा राहून. का, ते विचारू नकोस. सहा तारखेपासूनचे आकडे सोबतच्या कागदावर आहेत. ते खाली उतरत गेलेले दिसतील, ते आमच्या मिक्सरमुळे. वही ज्याच्याकडे असेल त्याला कागद दे आणि खाली माझंच नाव घालायला सांग. खोट्याखालीही तेच होतं.

राग असला तर पत्रातून धाड, पण धाड.

दादा