वाळूखालचा जोड

विशाखापट्टण, ता. ६ जानेवारी १९६५

ती. आबांस जानूचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे कालवणात चिंच इतकी, की बांगडासुद्धा तोंड वाकडं करतो.

हिराताईने कळवलं, की तारापूरला अणुवीजघराच्या कामावर जाड पत्रा जोडणारे हवेत, पण दाखल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. म्हणून इथे जहाजांच्या गोदीत वेल्डिंगच्या परीक्षेला बसलो आणि आपटलो. दोन बोटं जाडीचे दोन पत्रे जोडायचे होते. मी एका बाजूने धरलं ते एका दमात भरून टाकलं, शिवाय जोड लवकर बघायला मिळावा म्हणून पाणी ओतलं. पत्रा होडीच्या पुढच्या टोकाच्या नाळेसारखा वर उठला, जोडाला चीर गेली. आमचे वस्ताद पुंजाराम म्हणाले, की लोखंड निवताना आक्रसतं, एकीकडेच भरलं तर तिकडेच ओढून घेतं. महिनाअखेरीला एकच खेप उरली आहे. ती हुकली तर तारापूर विसरायचं.

अर्धी होडी टाकून पळालो, तेव्हापासून दीड वर्ष तुम्ही अबोला धरलात. राग राहू द्या, लोभ तेवढा तोडू नये.

जानू

सातपाटी, ता. १५ जानेवारी

चि. जानूस हिराताईचे अ. आ.

तुझं पत्र वाचून दाखवलं, तर आबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. आई मात्र तू तारापूरला लागलास असंच धरून चालली आहे. डबा पोचवायला बोईसरहून गाडी कुठली, तेही तिने विचारून ठेवलंय.

काल आबा आपणहून म्हणाले, लिही: "तू उजव्या अंगाला लागोपाठ चार फळ्या ठोकल्यास, होडी पिळली, म्हणून वरडलो. एक उजवीला, एक डावीला, अशीच ठोकायची. तापवून वाकवलेली फळी निवल्याबिगर दोर सोडायचा नाय. लोखंडाला काय येगळा देव हाय?"

गिऱ्हाइकाला त्यांनी दुसरी होडी करून दिली. तुझी अर्धी अजून माडाच्या झापांखाली झाकलेली आहे. का ठेवलीत विचारलं, तर म्हणे लाकूड मुरतंय.

जरा थांबायला शीक. पोटभर जेव आणि आमची आठवण ठेव.

हिरा

विशाखापट्टण, ता. ३० जानेवारी

ती. आबांस सा. न. वि. वि.

हे जोडाशेजारी बसून लिहितोय. पत्रे उभे करून कडांना करकचून आवळले, आधी चांगले शेकले. मग वीतभर या अंगाला, वीतभर त्या अंगाला, असं भरत गेलो. पुंजारामांनी विचारलं, ही चाल कुठली. म्हटलं, सातपाटीची, पळून यायच्या आधीची. आता सगळं तापल्या वाळूत पुरलंय. सकाळपासून चारदा उठलो, चारदा बसलो. हात रिकामे राहिले तर वाळू उकरतील, म्हणून त्यांना पत्राला जुंपलंय. ताईला सांगा, थांबणं लोखंड जोडण्याहून अवघड आहे.

लोभाची गाठ अशीच आवळलेली असू द्या.

जानू

ता. क. निवलं. सोडलं. वर सरळ पट्टी ठेवली, तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही. दाखला हातात आहे, होळीच्या आधी पोचतो. झाप काढून ठेवा. त्या चार फळ्यांतल्या तीन मीच उखडीन. डावीकडची पहिली तुम्ही ठोका.