फिनिक्स ते नागपूर किती तास?

चँडलर (फिनिक्स), १२ जून

ती. दादास,

शिवूचा नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. कुशला शाळेची सुट्टी लागलीय, दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो. बाहेर आपल्या नागपूरसारखंच ऊन, पडदे ओढून बसायचं. रत्नावहिनी घरी जाऊन जरा झोपते का? तिला झोपायला लाव.

रोज फोन होतो, तरी ही मेल कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू एकटा असतोस कुठे? आयसीयूबाहेर सगळं गणगोत जमलेलं, त्यात तू स्पीकर लावतोस. मग मला नुसतं हो-हो करता येतं.

काल तू विचारलंस, "शिवू, कधी निघतेस? डॉक्टरांना काय सांगू?"

मी म्हणाले, "दादा, लंडनपर्यंत दहा तास, तिथून मुंबई नऊ, मग नागपूर. मधले थांबे धरून सव्वीस-सत्तावीस तास होतात रे."

लगेच मागून काकूचा आवाज आला, "म्हणजे परवा पोचते पोर!" तिचा केदार गाडी घेऊन विमानतळावर यायला तयार. आणि तू डॉक्टरांना सांगून टाकलंस की बहीण येईपर्यंत आईचं मशीन काढायचं नाही.

दादा, निघते असं मी म्हणालेच नव्हते. फक्त तास सांगितले. इथे आम्हा सगळ्यांना ही खोडच लागलीय, येणं जमत नसलं की अंतर सांगायचं. चौदा हजार किलोमीटर म्हटलं की समोरचा आपोआप गप्प होतो. तू गप्प झाला नाहीस, तू हिशोब मांडलास.

अंतराचं काही नाही रे. तिकीट आजचंही मिळतंय, मी पाहिलं. पण माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय. नोकरी आहे तोवर इथे राहायला अडचण नाही. पण एकदा बाहेर पडले की तिकडून नवा घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्याची तारीख कित्येक महिन्यांनी मिळतेय. तेवढे दिवस ऑफिस थांबणार नाही. गिरीशची नोकरी फेब्रुवारीतच गेली. तुला सांगितलं नाही, आई आजारी होती. आता तिघांचं इथलं राहणं माझ्या नोकरीवर आहे.

गिरीश म्हणतो, "तू जा. मी मॅनेज करतो, आय प्रॉमिस." आणि दुसऱ्या खोलीत जाऊन वकिलाला फोन करतो. वकिलाचं उत्तर एकच, "डोन्ट ट्रॅव्हल." मला भयंकर राग येतो, पण भांडायचं कुणाशी? परवा कुशवर ओरडले. त्याने फक्त विचारलं होतं, "आर वी गोइंग टू आजी?"

आईच्या पोटची मी, आणि बॅगसुद्धा काढली नाही. काढली असती तर भरली असती.

डॉक्टर म्हणाले ना, आता सगळं मशीनवरच आहे, उगाच हाल होताहेत? ते हाल आता माझी वाट पाहण्यापायी लांबताहेत. हे मला सहन होत नाही.

थांबू नकोस, दादा. मी येत नाहीये. तिला सोड. तिच्या कानात शिवू आली म्हणून सांग. तेवढं खोटं माझ्यासाठी बोल. बाकीच्यांना काय सांगायचं ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही.

इथूनच तिच्या पायांवर डोकं ठेवते.

तुझी,
शिवू