गोठ्यातल्या गव्हावर तांबेरा
वसई, बुधवार, २३ डिसेंबर १९९८

चूक माझीच, स्वेटर न बदलण्याची. गव्हाच्या रोगांच्या प्रयोगशाळेतून निघताना कपडे बदलायचे, हे मीच सगळ्यांना बजावते आणि दहा दिवसांपूर्वी तोच, रोगाचे बीजाणू चिकटलेला स्वेटर घालून घरी आले. आज पाहते तर नाताळच्या गोठ्यात बाबांनी शोभेला पेरलेल्या गव्हावर तांबेरा! बियाणंही मागच्या खेपेला मीच आणलेलं, चार वाणांचं, एका रांगेत एक वाण. एकाच रांगेवर नारिंगी पुरळ उठलंय, बाकीच्या तीन हिरव्यागार.

मी ती रांग उपटायला वाकले, तर बाबांनी हात धरला. वसईत गव्हाची शेतं नाहीत, रोग जाणार कुठे, हे त्यांचं म्हणणं खरंच. पण लोक काय म्हणतील?

संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या, तर बाबाच कौतुकानं दाखवायला लागले. "तांबेऱ्याच्या जाती खूप, पन दिसायला सगल्या सारख्या. कोनती रांग आजारी पडली नि कोनती टिकली, त्यावरनं आमची बाय जात ओळखते."

मी फोनवर हे सांगायचे तेव्हा बाबा नुसतं 'हं, हं' करायचे. म्हणजे ऐकत होते?

स्वेटर गरम पाण्यात बुडवला. बाबा मागे येऊन हळूच म्हणाले, "फुडच्या वर्साला तांबेऱ्याची दुसरी जात आन हां."